भुऱ्याचा बैल करायचा होता

"म्याडम, याले बैल करून टाका," टेम्पोतून उतरता उतरताच नाना म्हणाले.

टेम्पोच्या हौद्यात केळीच्या वाळक्या पानांवर भुऱ्या उभा होता. गळ्यात दोन पट्टे, दोन्हींना नायलॉनचे दोर आणि दोर दोन बाजूंना आवळून बांधलेले. तोंडाला गुरांचं मुसकं. अल्सेशियन आणि गावठी यांची भेसळ, वय दोन वर्षं, वजन तीस किलोच्या पुढे. तो भुंकत नव्हता, नुसता माझ्याकडे बघत होता. भुंकणाऱ्या कुत्र्याजवळ मी बिनधास्त जाते. न भुंकता बघणाऱ्याजवळ जाताना हात अंगाशी ठेवते.

मी जनावरांची डॉक्टर. सरकारी नोकरीची बरीच वर्षं धुळ्यात काढली, निवृत्त झाल्यावर जळगावात छोटा दवाखाना टाकला. मदतीला सोनवणेदादा आहेत, माझ्यासारखेच निवृत्त ड्रेसर. ड्रेसर म्हणजे जखमा बांधणारा, जनावर धरणारा आणि डॉक्टरीणबाईंची चिडचिड ऐकून घेणारा. दादा तिन्ही कामं चोख करतात.

नाना असोद्याचे. केळी आणि कापूस करणारे, सत्तरीकडे झुकलेले. बैल करणं म्हणजे खच्ची करणं, हे आमच्याकडे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. गोऱ्हा मस्तीला आला की त्याला खच्ची करतात, मग तो गरीब होतो आणि औताला चालतो. नानांनी उभ्या आयुष्यात असे पुष्कळ गोऱ्हे बघितलेले. त्यांच्या दृष्टीने प्रश्न साधा होता. जे गोऱ्ह्याला लागू पडतं ते कुत्र्याला का पडू नये?

शिवाय त्यांच्याकडे पुरावा होता. त्यांच्या धुळ्याच्या साडूंचा कुत्रा मीच खच्ची केला होता. "गाय झाला तो, गाय," नाना म्हणाले.

तो कुत्रा मला चांगला आठवत होता. गेटवरून उडी मारून माद्यांच्या मागे दोन-दोन दिवस हिंडायचा, गल्लीतल्या प्रत्येक नराशी भांडून कान फाडून घ्यायचा आणि घरात येऊन सोफ्यावर पाय वर करायचा. ही तिन्ही लक्षणं वृषणांतून येणाऱ्या हार्मोनची. वृषणं काढून टाकणं म्हणजे न्यूटरिंग. ते केलं की काही आठवड्यांत, कधी काही महिन्यांत, बऱ्याच कुत्र्यांत हा उद्योग कमी होतो. पण भीतीने चावणारा कुत्रा वेगळा. कुठे दुखतंय म्हणून चावणारा वेगळा. आपली वस्तू राखायला चावणारा आणखी वेगळा. अशांना या ऑपरेशनचा उपयोग होईलच असं नाही, आणि मुळात भित्रा असेल तर तो कधी कधी जास्तच बिथरतो. म्हणून आधी राग कुठला ते शोधायचं आणि मगच ब्लेड हातात घ्यायचं.

हे सगळं मला पाठ होतं. आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं त्याला माझं अज्ञान कारणीभूत नव्हतं.

राग कुठला ते शोधायचं तर हिस्टरी घ्यावी लागते. कधी झालं, कुठे झालं, आधी काय घडलं, हे मालकाला विचारून केसपेपरवर लिहायचं. मी विचारलं. चार महिन्यांत तो तीन माणसांना चावला होता. पहिला पंप दुरुस्त करायला आलेला मिस्त्री, पोटरीला. दुसरे नानांचे चुलतभाऊ, तळहाताला. तिसरा खुद्द नानांचा मुलगा योगेश, मनगटाला. तो पट्टी बांधून समोरच उभा होता. किती वाजता? एकदा दुपारी, परत दुपारी, मग संध्याकाळी. मी लिहून घेतलं: दुपार, दुपार, संध्याकाळ. कारण काय झालं?

"कारण काय असीन? ज्वानी आली अंगात त्याच्या."

मी 'वय दोन वर्षे, नर' याच्याखाली रेघ ओढली.

मग योगेश बोलला, आणि खरी अडचण समजली. त्याची बायको पल्लवी पहिल्या बाळंतपणाला जामनेरला माहेरी गेलेली. मुलगी झाली, ती आता अडीच महिन्यांची. पल्लवीने निरोप धाडला होता की कुत्र्याची काही तरी सोय करा, तोवर मी पोरीला घेऊन येत नाही. हाताला चावा बसलेले काका म्हणत होते, भाकरीत औषध घालू, एका दिवसात विषय संपेल. योगेशलाही आता तेच बरं वाटायला लागलं होतं.

"आठ दिवस थांबतो मी," तो म्हणाला. "तेवढ्यात सुधारला तर ठीक, नाही तर काका म्हणतात तसं करतो. माझी पोरगी आहे, मॅडम."

त्याचं चूक नव्हतं. नाना दुसरीकडे बघत राहिले. भुऱ्याला त्यांनी महिन्याचा असताना धुळ्याहून साडूंकडून आणलं होतं आणि कापसाच्या बोळ्याने दूध पाजून वाढवलं होतं. एका बाजूला नात होती, दुसऱ्या बाजूला तो, आणि मध्ये आठ दिवस.

मी म्हटलं, "नाना, ऑपरेशनने राग जाईलच याची खात्री नाही."

"पन कमी तं व्हईन ना?"

त्यांनी असं विचारलं, आणि मी "होईल कमी" म्हणून मोकळी झाले. त्या दोन शब्दांची मला आजही लाज वाटते. तेव्हा मनात एवढंच होतं की ऑपरेशन झालं म्हणजे निदान टाके निघेपर्यंत भाकरीत कोणी औषध घालणार नाही.

ऑपरेशन नीट झालं. भूल दिल्यावर मी भुऱ्याचे कान, दात, खुब्याचे सांधे, पाठ, सगळं तपासलं. कुठेही दुखणं नव्हतं. दुखणं नाही म्हणजे हार्मोनच असणार, अशी मी स्वतःची सोयीस्कर समजूत काढून घेतली.

घरी सोडताना मी नानांना सगळं सांगितलं. दहा दिवस गळ्यात प्लास्टिकची कॉलर ठेवायची, म्हणजे तो टाके चाटणार नाही. बांधून ठेवायचा. स्वभावात फरक पडलाच तरी दोन-तीन महिने लागतील. नाना प्रत्येक वाक्याला मान डोलवत होते. शेतकरी मान डोलवतो तेव्हा तो ऐकतोच असं नाही, हे मला कळायला हवं होतं. मी काही शहरात वाढलेली नाही.

पुढचे दिवस मला चैन नव्हतं. रोज एकदा फोन करायचे. नाना रोज खूश. भुऱ्या शांत आहे, पडून असतो, कोणावर गुरगुरत नाही, काकांनाही काही केलं नाही. मी सांगायचे की नाना, त्याला टाके दुखताहेत, गोळ्यांनी झोप येतेय, कॉलरमुळे धड खाता येत नाही, म्हणून पडून आहे. नाना म्हणायचे, हो हो.

सहाव्या दिवशी सकाळी एका अनोळखी नंबरवरून फोन आला.

"मॅडम, मी पल्लवी. असोद्याच्या नानांची सून. हे मला घ्यायला आलेत, आता निघतोय आम्ही. घरी म्हणतात ऑपरेशन झालं, भुऱ्या गरीब झाला. मला एकच विचारायचं होतं. आता तो भाकरीवरून चावणार नाही ना?"

"भाकरीवरून म्हणजे?"

तिला माझ्या प्रश्नाचं नवल वाटलं असावं. मग ती सांगायला लागली. लग्न होऊन आली तेव्हापासून भुऱ्याला जेवू ती घालायची. खाताना कोणी जवळ आलेलं त्याला अजिबात चालत नाही, हे तिने पहिल्या महिन्यातच ओळखलं. म्हणून ती रोज त्याला गोठ्यात न्यायची, ताटली आत ठेवायची, दार लावायची आणि त्याचं आटोपलं की उघडायची. ती होती तोवर एकालाही तो चावला नाही. ती माहेरी आली आणि ताटली ओट्यावर आली, येण्याजाण्याच्या वाटेत. मिस्त्री ताटलीला अडखळला. काकांनी ताटली पायाने न सरकवता हाताने सरकवली. योगेशने त्याच्या तोंडातला नारळाचा तुकडा ओढला.

"मी दर वेळी फोनवर ह्यांना विचारलं, तेव्हा तो काय खात होता?" ती म्हणाली. "हे म्हणायचे, त्याचा काय संबंध."

माझ्या डोळ्यांसमोर केसपेपर आला. दुपार, दुपार, संध्याकाळ. तिन्ही जेवणाच्या वेळा. मी स्वतःच्या हाताने लिहिलेल्या.

या सवयीला आमच्यात रिसोर्स गार्डिंग म्हणतात. साध्या भाषेत, आपल्या ताटाची राखण. ती नर करतात, माद्या करतात, खच्ची केलेले करतात. वृषणं काढून तिचं काही होत नाही. नानांना हवा होता तो इलाज मी दिला, आणि ज्याच्यावर इलाज करायचा तेच मला ठाऊक नव्हतं.

पल्लवीला म्हटलं, घरी पोचलीस की गाडीतून उतरू नकोस, आधी भुऱ्याला गोठ्यात बंद करायला सांग. ती बरं म्हणाली. मग नानांना फोन लावला. पाठीमागून बायकांचे आवाज येत होते. कॉलर? "सकाळीच काढली, म्याडम. नात येती ना आज." बांधलाय का? "बांधतो ना, बांधतो." आणि फोन बंद.

मी खुर्चीत बसले आणि लगेच उठले. एक गोष्ट डोक्यात आली होती. बाळंतीण पहिल्यांदा बाळ घेऊन सासरी आली की उंबऱ्याबाहेर तिला थांबवतात. घरातली मोठी बाई भाकरीचा तुकडा आणि पाणी दोघांवरून ओवाळते आणि तुकडा बाजूला टाकून देते. माझ्याही बाबतीत केलं होतं. म्हणजे आज त्या घराच्या पायरीवर, बाळाला घेतलेल्या बाईच्या पायाशी, भाकरीचा तुकडा पडणार होता. आणि सहा दिवस पोटभर न खाल्लेला, आज कॉलर काढलेला भुऱ्या तिथे असणार होता.

सोनवणेदादांना म्हटलं, दवाखाना बंद करा, असोद्याला जायचंय. दादांनी कारण विचारलं नाही. गाडी मी चालवली आणि वाईट चालवली. जळगावहून असोदा काही लांब नाही, पण गावाच्या अलीकडे केळीचा ट्रक रस्त्यात आडवा लावून घड भरणं चाललं होतं. मी हॉर्न वाजवला. ट्रकवाला म्हणाला, पाच मिनिटं. मी खाली उतरून त्याच्याशी जे बोलले ते इथे लिहीत नाही. दादांनी मला परत गाडीत बसवलं आणि स्वतः जाऊन ट्रक पुढे घ्यायला लावला. तोवर नानांचा नंबर मी चार वेळा लावला. कोणी उचलला नाही.

पोचलो तेव्हा योगेशची गाडी दारात उभी होती आणि पल्लवी खाली उतरलेली होती. तिने थांबायचा प्रयत्न केला होता, हे नंतर समजलं. पण ओट्यापुढे शेजारच्या आठ-दहा बायका जमल्या होत्या, आणि तिची सासू, जिला सगळं घर अक्का म्हणतं, ताट घेऊन पायरीवर उभी होती. अशा वेळी सुनेने काच वर करून गाडीत बसून राहायचं, हे आमच्या गावांत कोणाला जमणार? दुपट्यात गुंडाळलेली पोर छातीशी धरून ती पायरीशी उभी होती. आणि नाना तिच्यापासून तीन हातांवर, भुऱ्याच्या पट्ट्यात दोन बोटं अडकवून, हसत उभे होते. कुत्रा कसा गरीब झालाय ते त्यांना सुनेला दाखवायचं होतं.

अक्कांचा ओवाळणारा हात वर गेलेला मी फाटकातून बघितला.

"अक्का, तुकडा टाकू नका," मी ओरडले.

अक्कांनी माझ्याकडे बघितलं आणि हाताच्या सवयीने तुकडा टाकला. तो पायरीच्या कडेला पडला. नानांची दोन बोटं पट्ट्यातून कधी निसटली ते त्यांनाही समजलं नसेल. भुऱ्याने तुकडा पुढच्या दोन पायांखाली घेतला आणि मान खाली घालून तो थिजला. डोळे तेवढे वर फिरले. त्याच्या तोंडापासून पल्लवीचं पाऊल वीतभरावर होतं. आधी गुरगुर ऐकू आली, आणि मग ती थांबली. गुरगुर असते तोवर कुत्रा सांगत असतो की लांब जा. ती थांबली की त्याचं सांगून झालेलं असतं. मी धावले असते तर तो चावलाच असता, हे कळत होतं, आणि उभं राहवतही नव्हतं.

पल्लवी हलली नाही. तिने नजर भुऱ्यावरून काढून बाजूच्या भिंतीकडे नेली आणि हळू आवाजात म्हणाली, "कोणी जवळ येऊ नका." मग एक पाऊल मागे, परत एक पाऊल मागे. गाडीच्या दाराला पाठ टेकली तेव्हा तिने बाळाला आत सीटवर ठेवलं आणि दार लावलं.

तेवढ्यात नाना वाकले.

सगळ्यांसमोर त्यांची शोभा झाली होती. "दे रे, दे इकडे," म्हणत त्यांनी भाकरीला हात घातला. मी "नाना" एवढंच म्हणू शकले. भुऱ्याने त्यांचा पंजा अंगठ्याच्या मुळाशी धरला आणि सोडला. रक्त पायरीवर पडलं, बायका मागे सरकल्या. योगेशने भिंतीला टेकवलेला टिकावाचा दांडा उचलला. त्या दांड्याचा एकच घाव पुरला असता.

"ते खाली ठेवा," पल्लवी नवऱ्याला म्हणाली. तिने अक्कांच्या ताटातली उरलेली भाकरी घेतली, भुऱ्याला लांबूनच दाखवली आणि गोठ्याच्या दारातून आत भिरकावली. भुऱ्या आत गेला. तिने दार लावून कडी घातली. हे तिने रोजचं काम केल्यासारखं केलं, कारण ते तिचं रोजचं कामच होतं. मग गाडीशी येऊन तिने दार उघडलं आणि पोरीला उचललं.

नानांचा हात मी नळाखाली धरला. साबण लावून पंधरा मिनिटं धुवायचा असतो, भुऱ्याची रेबीजची लस झालेली असली तरी. इंजेक्शनंही घ्यायचीच. नाना पाण्याकडे बघत होते.

"मंग ऑपरेशन कायले केलं, म्याडम?"

"तुम्ही म्हणालात म्हणून. आणि मी चुकीच्या माणसाला प्रश्न विचारले म्हणून."

मी विचारलं, "नाना, गोऱ्हा खच्ची केला की दुसऱ्या दिवशी गाडीला जुंपता का?"

"नाही. त्याले शिकवा लागते. आधी नुसतं जू ठेवायचं मानीवर, मंग लाकूड ओढाले लावायचं. चार-सहा महिने जातात." एवढं बोलून त्यांनी स्वतःच मान खाली घातली. बैलाला गरीब करण्यात ब्लेडचा वाटा किती आणि मागे चालणाऱ्या माणसाचा किती, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. फक्त कुत्र्याच्या बाबतीत ते विसरले होते. मी तर शिकलेली असून विसरले.

योगेशचं म्हणणं होतं की आता याला घरात ठेवायचा नाही. काकांचं औषध परत निघालं. तेव्हा पल्लवी पहिल्यांदा मोठ्याने बोलली.

"मी सोय करा म्हटलं होतं, मारा म्हटलं नव्हतं. काय सोय पाहिजे ते मला कोणी विचारलं का?"

कोणी विचारलं नव्हतं. मीही नाही. मग तिनेच सांगितलं. भुऱ्या घराच्या अंगणात राहणार नाही, मळ्यात राहील. तिथे खोलीला दार आहे. जेवण दाराआड, ताटली उचलायची ती तो बाहेर बांधल्यावर. पोर चालायला लागली तरी दोघांच्या मध्ये जाळी. आणि यातलं एक जरी मोडलं, तर ती त्याच दिवशी जामनेरची बस धरेल. नाना म्हणाले, बरं. मी त्यात भर घातली. रोज ताटलीच्या लांबून जाताना तिच्यात काही तरी चांगलं टाकायचं, म्हणजे माणूस आला की घेतो असं नाही, देतो, हे त्याच्या हळूहळू लक्षात येईल. याला महिने लागतात, आणि पूर्ण भरवसा कधीच ठेवायचा नाही.

वर्ष होत आलं. भुऱ्या मळ्यात आहे. माद्यांच्या मागे कुंपण ओलांडून जाणं थांबलं, बांधावरच्या कुत्र्यांशी भांडणं कमी झाली. ऑपरेशनने केलं ते एवढंच. ताटलीवरची राखण अजून आहे, पण थोडी सैल पडली आहे. त्यानंतर कोणाला चावलेला नाही. पोरगी अंगणात दुडुदुडु चालते.

केसपेपर मी नवे छापून घेतले. मालकाच्या नावाखाली आता आणखी एक ओळ आहे: जेवू कोण घालतं. बहुतेक वेळा तिथे दुसरंच नाव येतं, आणि ते माणूस दवाखान्यात आलेलं नसतं. मग मी फोन लावायला सांगते. लोक कुरकुरतात, म्हणतात, कुत्रा आमचा आहे, आम्हाला विचारा. मी म्हणते, थांबते. आणि फोन लागेपर्यंत ब्लेडचं पाकीट फोडत नाही.